आण्णांचा पाय आणि मऊ पॅडल

आमच्या गॅरेजात तुपाचा एक जुना डबा आहे. गाडीतून काढलेले झिजलेले वॉशर, वाकडे नट, अर्धे बोल्ट, सगळं "लागेल कधीतरी" म्हणून त्यात पडतं. मुद्दाम कुणी काही जमवत नाही, पण एक दिवस डबा उचलायला जावं तर उचलत नाही! आमच्याकडचे किस्सेही असेच साठत गेले. त्यातले बरेच हसण्यासाठी म्हणून टाकले होते. आता हात घातला की काही टोचतात.

गॅरेज माझ्या वडिलांचं. कराडच्या अलीकडे, हायवेच्या सर्व्हिस रोडला. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, मीसुद्धा. आण्णा फक्त ब्रेकचं काम करतात. कुणी इंजिन दाखवायला आणलं तर म्हणणार, "चालत न्हाई ती गाडी मी बघत न्हाई गड्या. थांबत न्हाई ती बघतो!"

मी बी.एस्सी. झाले आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून काउंटरवर बसले, ती बसलेच. मला दचकायची खोड. टायरची हवा सोडली तरी दचकते, फोन वाजला तरी दचकते. आई म्हणते, "हिला गॅरेजात बसवलं म्हंजी मांजराला फटाक्याच्या दुकानात बसवलं!"

*

आण्णांची ब्रेक बघायची पद्धत साधी. ट्रकची केबिन म्हणजे ड्रायव्हरचा देव्हारा, त्यामुळे पायातलं खाली काढूनच चढायचं हा रिवाज. आण्णाही खालीच चाकाशेजारी बूट काढणार, वर चढणार, अनवाणी पाय पॅडलवर ठेवणार आणि डोळे मिटणार. जुन्या गाड्यांचे तेलाचे ब्रेक. पॅडल मऊ लागतंय अशी तक्रार घेऊन रोज कुणीतरी यायचं, आणि मऊपणाचेही प्रकार असतात.

"दाबून धरल्यावं सावकाश खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडरचा वॉशर गेला," आण्णा मला सांगायचे. "दोन-तीनदा भराभर मारल्यावं वर आलं तर आत हवा हाय. आन् गादीवानी दबून परत ढकलाय लागलं तर रबरी पाइप फुगतोय."

एकदा इस्लामपूरकडचा एक ड्रायव्हर हट्टालाच पेटला. "आण्णा, हवाच हाय. मला ठावं हाय."

आण्णांनी डोळेही उघडले नाहीत. "पुढचं डावं चाक. पाइप बघ जा."

तो खाली वाकला, आण्णांनी वर पॅडल दाबलं, आणि पाइप बेडकाच्या गळ्यासारखा फुगला! ड्रायव्हर बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "आण्णा, तुमचा पाय म्हंजी मशिन हाय!"

"मशिनला बूट काढावं लागत न्हाईत," आण्णा म्हणाले आणि बूट घालायला लागले.

*

ब्रेकमधली हवा काढायला माणसं दोन लागतात. एक चाकाखाली, एक पॅडलवर. खालचा ओरडतो, "दाब!" वरच्यानं दाबायचं. "धर!" धरून ठेवायचं. मग खालचा चाकामागचा बारीक निपल ढिला करतो, हवा आणि तेल फसकन बाहेर येतं, निपल परत आवळतो आणि मगच म्हणतो, "सोड!" त्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून.

पॅडलवर मी. आणि आमचं गॅरेज हायवेला!

पहिल्याच दिवशी मागून एका ट्रकनं हॉर्न मारला आणि माझा पाय केव्हा उचलला गेला ते मलाच कळलं नाही. खालून आण्णांचा शांत आवाज आला, "मंजे, ब्रेकनं श्वास घेतला बघ."

परत पहिल्यापासून. परत हॉर्न. परत श्वास!

ती गाडी बिरूतात्यांची होती. आटपाडीकडचे. घरची मेंढरं आता भाऊ सांभाळतो आणि तात्या जुना सहाचाकी ट्रक. डाळिंबं भरून घाट उतरायचा हा त्यांचा धंदा. गाडी आण्णांशिवाय कुणाच्या हाती दिली नाही. चहा पीत ते म्हणाले, "आण्णा, हिच्या लग्नात भटजीला 'सावधान' म्हणू देऊ नगा. पोरगी मांडवातनं पळंल!"

सगळे हसले. आण्णा हसले नाहीत. तेलानं माखलेलं बोट माझ्याकडे करून म्हणाले, "आबाळ कोसळलं तरी, मी सोड म्हटल्याबिगर सोडायचं न्हाई. खाली माणूस असतंय."

*

मग तो विचित्र काळ आला. सगळ्याच गाड्या मऊ लागायला लागल्या.

सुरुवात तात्यांच्या गाडीपासून झाली. तात्या नुसतं तेल बदलायला आले होते. आण्णांनी पाय ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मऊ हाय."

"काल घाट उतरलो की! टकाटक लागला."

"मऊ हाय म्हणतोय न्हवं?"

मास्टर सिलिंडरचं किट बदललं. मऊच. चारी ब्रेकांतली हवा काढली. मऊच! रबरी पाइप बदलले, तरी आण्णा केबिनमध्ये बसून मान हलवतच होते. शेवटी मला म्हणाले, "तू बघ."

मी दाबलं. पॅडल दगडासारखं घट्ट.

"मला तर घट्ट लागतंय, आण्णा."

"तुझा पाय नवा हाय," ते म्हणाले.

तात्यांनी स्टेअरिंगवर हात फिरवला आणि म्हणाले, "आण्णा, इतका संशय मी बायकोवर घेतला असता तर भाकरी मिळाली नसती!" तरी गाडी ठेवून गेले. आण्णा म्हणाले म्हणजे असणार.

त्यानंतर मेढ्याचा टेम्पो मऊ. मग कारखान्याच्या उसाची गाडी मऊ. आण्णांनी ब्रेक ऑइलच्या दुकानदाराशी भांडण काढलं, "डबं बनावट देतोस व्हय रं!" डबे बदलले. तरी मऊ. मी रोज रात्री झोपताना विचार करायची, की कधीतरी खरंच मऊ असलेलं पॅडल यांना घट्ट लागलं तर? घाटात कोण असेल तेव्हा? विचारायची हिंमत झाली नाही. नुसती दचकून जागी व्हायची.

*

एका दिवशी एअर काढायचा निपल हरवला. जुन्या गाडीचा, आता बाजारात न मिळणारा. आण्णांनी सगळं गॅरेज उलथंपालथं केलं. दोरीला चुंबक बांधून फरशीवरून फिरवलं. मला दोनदा विचारलं, आईला जेवणाचा डबा झटकायला लावला, पत्र्यावरच्या चिमण्यांनासुद्धा शिव्या घातल्या.

संध्याकाळी आण्णा स्टुलावर बसून बूट काढत होते. मामानं मिलिटरी कँटीनमधून आणलेले जाड बूट. उजवा बूट काढला आणि आतून टण्णकन निपल पडला.

सकाळी केबिनमध्ये चढताना चाकाशेजारी ठेवलेल्या बुटात तो पडला असणार. त्यावर पाय देऊन आण्णा दिवसभर हिंडले होते. मोजा खालून काळा-लाल झाला होता.

आण्णांनी निपल उचलला, उजेडात धरला आणि लहान मुलासारखे हसले. "बघ मंजे! गावला का न्हाई!"

आई मोज्याकडे बघत होती.

*

शुगर त्यांना होतीच. चहात साखर बंद होती आणि पेढा चालू होता, अशी शुगर! जखम भरेना, म्हणून मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला गोड. म्हणाले, "आजोबा, डोळे मिटा. मी तळव्याला हा बारीक दोरा टेकवणार. टेकला की 'कळतंय' म्हणायचं."

डोळे मिटायची तर आण्णांना सवयच.

"कळतंय," आण्णा म्हणाले. थोडं थांबून, "कळतंय." परत थांबून, "कळतंय." अगदी तालात, दाब, धर, सोड असावं तसं.

मी डॉक्टरांकडे बघितलं. दोरा त्यांच्या हातात होता आणि हात टेबलावर. त्यांनी अजून सुरुवातच केली नव्हती.

मग त्यांनी खरंच दोरा टेकवला. अंगठ्याला, चवड्याला, टाचेला. आण्णांचं 'कळतंय' कधी टेकण्याआधी यायचं, कधी नंतर.

डॉक्टरांनी हळू विचारलं, "आजोबा, चालताना पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं का? मऊ मऊ?"

आण्णांनी डोळे उघडले. डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "म्हंजी गाड्या बऱ्या हुत्या व्हय गं!"

*

अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

घरी आल्यावर आण्णा गॅरेजात खुर्ची टाकून बसायला लागले, पाय पालथ्या डब्यावर. बोलणं कमी झालं. ड्रायव्हर यायचे, म्हणायचे, "आण्णा, नुसता पाय तरी लावून बघा. तुमच्या पायगुणानं नीट हुईल."

"न्हाई," आण्णा म्हणायचे. "माझ्या पायावं आता इस्वास ठेवू नगा. म्होरं घाट हाय." आणि स्वतःच दुसऱ्या गॅरेजचा पत्ता सांगायचे. कुठून वळायचं, कुठं पाटी दिसंल, सगळं नीट. गाडी सर्व्हिस रोडवरून पुढे जाईपर्यंत तिच्याकडे बघत बसायचे.

एकदा आई म्हणाली, "बसल्या बसल्या पोरीला सांगा की. ती बघंल."

"काय सांगू? जिभंनं सांगायची गोष्ट हाय व्हय ती?"

गाळा दिवाळीनंतर भाड्यानं द्यायचा ठरला. मोबाइलचा दुकानवाला येऊन भिंती मापून गेला. जाताना त्यानं तेलाचे डाग बघून नाकाला रुमाल लावला. आण्णा त्याला म्हणाले, "फरशी बदला. हे डाग जायचं न्हाईत." तो बरं म्हणाला.

*

त्याच आठवड्यात बिरूतात्या आले. गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत आणली आणि दारात दगड लावून थांबवली. उतरले ते घामानं भिजलेले.

"आण्णा, बसतंय बघा पॅडल. ह्या खेपंला खरंच बसतंय. पाटणच्या उतारावं जीव गेला हुता."

"पुढच्या गॅरेजात ने. मी पत्ता देतो."

"दुसरीकडं न्हाई नेत."

"तात्या, येड लागलंय व्हय? पाय न्हाई माझ्याकडं!"

तात्यांनी आजूबाजूला बघितलं. मग माझ्याकडे बोट केलं. "पोरीचा घ्या."

मीच चपला काढल्या आणि चढले. आण्णा काठी टेकत केबिनच्या दाराशी आले, खालीच उभे राहिले. मी पाय पॅडलवर ठेवला. आण्णांनी काठी तात्यांच्या हातात दिली, केबिनमध्ये वाकले आणि दोन्ही हात माझ्या पायाकडे नेले.

मी दचकून पाय मागे ओढला. "आण्णा! पाया काय पडताय!"

"पाया न्हाई पडत. पॅडल बघतोय. ठेव पाय."

मी ठेवला. त्यांनी तळहात माझ्या पावलावर ठेवला. खरखरीत, गरम. डोळे मिटले.

"दाब."

मी दाबलं.

"धर."

मी धरलं. पॅडल माझ्या पायाखालून सावकाश खाली चाललं होतं, आणि पायासोबत त्यांचा हात.

"चाललंय... चाललंय... सावकाश," आण्णा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मास्टरचा वॉशर. मीच घातलेला. नवं किट आणाय लागंल तात्या."

तेवढ्यात हायवेवरून एका ट्रकनं अगदी आमच्या पाठीशी हॉर्न मारला. तात्यांच्या हातातली काठी पडली. माझं सगळं अंग शहारलं, पण पाय हलला नाही.

पॅडल तळाला टेकलं होतं. जे कळायचं ते कळलं होतं. आण्णांचा हात तिथंच होता, डोळे मिटलेले होते. माझी पोटरी थरथरायला लागली.

तात्यांनी काठी उचलली आणि जरा वाट बघून म्हणाले, "आण्णा, आता सोड म्हणा की पोरीला."

आण्णा म्हणाले, "थांब रं जरा, तात्या. कळतंय."