कोणाची रयत?

उलटमामांना कुणी काही विचारलं, की ते आधी विचारणाऱ्यालाच विचारत, “काहून पुसतं, बाप्पा?” आईने “जेवलात का?” म्हटलं तरी हेच. ते आईचे मानलेले भाऊ, अकोटचे, कापसाचे पारखी. बोंडातला धागा दोन बोटांत ताणून पाहत, आणि माणसाकडेही तसंच पाहत.

मुलांनो, ‘इथल्या कचेरीत पहिला प्रश्न, तुम्ही कोणाची प्रजा?’ असं तुम्ही परदेशातून पत्रात लिहिलंत, म्हणून ते आठवले.

कापसाला सोन्याचा भाव होता त्या वर्षांतली गोष्ट. एका व्यापाऱ्याने मामांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला, गणूला, अरबांच्या एका बंदरावर नेलं. तिथे कुणाच्या तरी मारामारीत गणू कोठडीत पडला. मामा इंग्रजांच्या कचेरीत धावले. कारकुनाने विचारलं, “कोणाची रयत?” आयुष्यात एकदाच मामांनी सरळ उत्तर दिलं, “निजामाची.” खोटं नव्हतं, वऱ्हाडात अंमल इंग्रजांचा, पण मुलूख निजामाचा. कारकून म्हणाला, “मग निजामालाच बोलवा सोडवायला.”

मामा आमच्या अकोल्याला परतले. इथल्या साहेबाने इंग्रजी कागद करून दिला. मामांनी सही केली की त्यावर शिक्का बसणार होता आणि गणू सुटणार होता. पण सही करण्याआधी वाचून कोण दाखवणार? कचेरीतल्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. माझे बाबा वकील, पण ते खटल्यासाठी अमरावतीला गेलेले. मी नऊ वर्षांची होते, बाबांनी मला इंग्रजी व्याकरणापर्यंत आणलं होतं. “पोर खोटं नाही वाचत,” म्हणून मामांनी कागद माझ्यापुढे धरला. ‘ब्रिटिश सब्जेक्ट’ आलं. सब्जेक्ट म्हणजे कर्ता, मी ठसक्यात सांगितलं.

“इंग्रजाच्या घरचा कर्ता? मी? म्हंजे उद्या त्यायच्या घरचा गुन्हाबी माह्याच माथ्यावर! मले फसवून राहिले सारे.” त्यांनी कागद घडी करून कमरेला खोचला.

आठ दिवसांनी बाबा आले. वाचून आधी हसले, मग एकदम थांबले. “अहो, रयत म्हणायचंय त्यांना!”

मामांनी त्याच दुपारी सही केली. मुंबईला पोहोचले तेव्हा पावसाळ्याआधीचं शेवटचं गलबत सुटून तीन दिवस झाले होते. समुद्र उघडल्यावर गेले. गणू भादव्यातच कोठडीत तापाने गेला होता.

मामा परत आल्यावर मी त्यांच्या पाया पडून रडले. “मामा, माझं चुकलं.”

त्यांनी मला उठवलं, डोळे पुसले, आणि हळूच विचारलं, “कोनं सांगतलं होतं तुले तसं वाचाले?”

कुणी नाही, हे मी त्यांना वीस वर्षं सांगितलं. दर दिवाळीला ते माझ्यासाठी रेवड्या आणत, बाजूला घेऊन विचारत, “आता त सांग, पोरी.” शेवटच्या आजारपणातही हेच. तेव्हा मी कचेरीतल्या एका कारकुनाचं नाव घेतलं. तो कधीच मरून गेला होता.

“मले ठाऊकच होतं,” मामा म्हणाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि शांत झोपले.