खाली लावलेला फळा

फोन आला तेव्हा मी पिरंगुटला एका कंपनीच्या फाटकासमोर पत्रकं वाटत होते. पाळी सुटली होती, बायकांना बस पकडायची घाई होती. बाबा फोनवर कधी लांबण लावत नाहीत. "अक्का गेली. ये," एवढंच म्हणाले. अक्का म्हणजे माझी आत्या. हातात थोडी पत्रकं उरली होती, ती वाटून संपवली आणि मगच घरची, उरवड्याची वाट धरली. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल तर वाटू दे. पत्रकं अर्धी ठेवून आले असते तर आत्यानेच विचारलं असतं, उरलेल्या बायकांनी काय वाचायचं म्हणून. कंत्राटी बायकांना आजारपणाची भरपगारी रजा मिळावी, असं ते पत्रक. आदल्या आठवड्यात दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या तिने ते माझ्याकडून वाचून घेतलं होतं आणि त्यातली सगळी उद्गारचिन्हं काढायला लावली होती. "एवढी कशाला गं? वाचणारी बहिरी हाय का?"

शालनआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हा वेगळा लेख होईल आणि तो मी लिहिणार नाही. गणितात पदवी, मग बीएड, पुण्यात खासगी शाळांमधून वर्षानुवर्षं हंगामी नोकरी, आणि चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस सरळ इथिओपियातल्या एका डोंगराळ गावची शाळा. आमच्या भावकीत कुणाला तो देश नकाशावर दाखवता आला नसता. पण "पोरगी फॉरेनला मास्तरीण हाय" हे सगळ्यांना सांगता यायचं. ती दर उन्हाळ्यात यायची. कॉफीचा वास आणायची, तिथल्या गोष्टी आणायची. तिथली भाकरी थापायची नसते, तव्यावर ओतायची असते, हे ती फार कौतुकाने सांगायची. त्या कौतुकाचं कारण आम्हाला फार उशिरा कळलं.

आमच्या घरातल्या बायका माणसाला भाकरीवरून जोखतात. आत्या पूर्वी चुलीसमोर बसली की डझनभर भाकऱ्या झाल्याशिवाय उठायची नाही. परदेशी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तिने परातीला हात लावणं सोडलं. कपडे पिळायची नाही, विळीवर बसायची नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही. कुणी भेटायला आलं की दुरूनच हात जोडायची. आई तिला ऐकवायची, "वन्सं, भाकरीला हात लावला तर इमान चुकंल व्हय तुमचं?" आत्या म्हणायची, "चुकंल की. तिकीट तुमी काडनार का?" दोघी हसायच्या. पण आईचं हसू तोंडापुरतं असायचं. आत जाऊन ती म्हणायची, साहेबीण झाली. शेजारणी म्हणायच्या, चार पैसे आले की माणूस बदलतं. उन्हाळ्यात एकदा तरी आत्या "बँकेचं काम हाय" म्हणून एकटीच पुण्याला जायची आणि जड पिशवी घेऊन परत यायची. बँकेतून कुणी जड पिशवी आणतं का, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

मग माझ्या बहिणीचं लग्न आलं. चुडा भरायला कासारमामी आल्या. ओसरीवर सतरंजी टाकली, घरातल्या सगळ्या बायका ओळीने बसल्या. आत्या टाळत होती. "मला नको, शाळेत चालत न्हाईत," म्हणाली. आई अडून बसली. घरातलं पहिलं कार्य आणि आत्या मोकळ्या हाताने फिरणार, हे तिला चालणार नव्हतं. शेवटी आत्याने हात पुढे केला. बांगडी भरताना कासारीण पंजा कसा दाबते, अंगठा आत दुमडून हाडं कशी जवळ आणते, हे जिने बांगड्या भरल्यात तिला सांगायला नको. मामींनी हात हातात घेतला, दाबला, आणि आत्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. ती ओरडली नाही. लहान मूल झोपेत कण्हतं, तसं काहीतरी. मामींनी हात सोडला. बोटांचे सांधे सुजून गाठी झाल्या होत्या, करंगळी बाहेरच्या बाजूला वळली होती. आम्ही रोज बघत होतो तोच हात. "माय," मामी हळूच म्हणाल्या, "ह्या हातात न्हाई भरत मी." आई उठून आत गेली. मागोमाग मी गेले, तर ती पिठाच्या डब्यावर हात ठेवून नुसती उभी होती.

वरात गेल्यानंतरच्या सकाळी आत्याने मला गच्चीवर सगळं सांगितलं. सांध्यांचा आजार. त्या डोंगरातल्या थंडीत सुरू झाला. सकाळी उठल्यावर बोटं उघडायला कोमट पाण्याचं भांडं लागायचं. पुण्याच्या डॉक्टरांकडून वर्षभराच्या गोळ्या घेऊन ती जायची, तीच ती बँकेची पिशवी. शाळेचा करार दरसाल नवा व्हायचा आणि त्याआधी तपासणी. डॉक्टर विचारायचे, काही त्रास? ती म्हणायची, नाही. तिकडे लोक भेटले की हात हातात घेऊन कितीतरी वेळ ख्यालीखुशाली विचारतात. ते दुखणं चुकवायला तिने नमस्कार सुरू केला. त्यांना वाटलं, बाईंची रीत आहे. पुढेपुढे सगळी शाळा तिला बघून हात जोडायची. "आयुष्यात देवाला केलं न्हाईत तेवडं नमस्कार मी तितं केलं," आत्या म्हणाली.

पण शिकवायचं कसं? एक दिवस वर्गात खडू बोटांतून सुटला. उचलला, पुन्हा सुटला. पहिल्या बाकावर मेरोन नावाची मुलगी होती. आत्या तिला म्हणाली, तू लिही, मी सांगते. त्या दिवसापासून तिच्या वर्गात फळ्यावर लिहायचं ते मुलांनीच. ती हात पाठीमागे घेऊन उभी राहायची, एका हाताने दुसऱ्याची बोटं चोळत. लिहिणाऱ्याचं चुकलं तर वर्गाने पकडायचं, खोडायचंसुद्धा वर्गाने. मुलं गणितात अशी तयार झाली की मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन तिचा तास बघायला यायचे. बाईंची नवी पद्धत म्हणून बाकीच्या शिक्षकांना शिकवायचे. हे सांगताना आत्याला हसू आवरेना. मग म्हणाली, "पोरांना ठावं हाय गं. माज्या आदी दार उगडत्यात, बाटलीचं झाकन फिरवून ठिवत्यात. इतकी वर्षं झाली, एकानं कुटं बोलून दाखवलं न्हाई." पोरांना ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं. आम्ही भाकऱ्या मोजत होतो.

मी म्हटलं, मग चाललंय ते चालू दे. ती म्हणाली, "न्हाई. माज्यापायी पोरं लपवाछपवी शिकत्यात. मास्तरनीनं ह्ये शिकवायचं नस्तं." त्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? ती म्हणाली, हो, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. करार पुढे झाला नाही. शाळेने निरोप समारंभ केला, पांढरी सुती शाल दिली, भाषणं झाली. ज्या हातांमुळे त्यांना नवी पद्धत मिळाली, तेच हात शिकवायला अपात्र ठरले. हे मी आज शांतपणे लिहितेय. तेव्हा नव्हते शांत. तिच्यावर एक पत्रक लिहून तिला वाचायला दिलं. वर्षावर्षाच्या करारावर राबायचं आणि आजारी पडणं हा गुन्हा समजून लपवायचं, हे इथल्या कंपनीतल्या बाईचं आणि तिथल्या मास्तरणीचं सारखंच आहे, असा मुद्दा होता. अजूनही तो मला बरोबर वाटतो. आत्याने पूर्ण वाचलं. म्हणाली, "बराबर लिवलंयस. पर मी हाय तंवर माजं हात वाटू नगंस." म्हणून थांबले होते.

परत आल्यावर ती मोकळी बसेल असं आम्हाला वाटलं. आमच्या घरामागे भाड्याच्या खोल्यांची रांग आहे. कंपन्यांत कामाला आलेली कुटुंबं राहतात, कुणी बीडकडची, कुणी बिहारची. कडेची खोली रिकामी झाली ती आत्याने मागून घेतली, आणि बाबांना फळा लावायला सांगितला. बाबांनी भिंतीवर रीतसर उंचीला खूण केली. आत्याने भिंतीला गुडघा टेकवून दाखवलं, इथपासून वर. बाबा वैतागले, "अक्का, एवड्या खाली? लोक म्हंतील फळा घसरला." आत्या म्हणाली, "लिवनारी मी न्हाई, दत्ता. लिवनारी टीचभर हायेत." संध्याकाळी खोली भरायची. हिंदी, मराठी आणि पाढे यांची मिसळ व्हायची. आई रोज तिच्यासाठी कोमट पाण्याचं भांडं ठेवायची आणि शेजारी स्टुलावर भाकरी, कुस्करून.

हे फार टिकलं नाही. सांध्यांचा आजार दाबणारी औषधं अंगाची लढायची ताकदही दाबतात, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. छातीत जंतुसंसर्ग झाला आणि तो मागे हटला नाही. शेवटच्या दिवसांत ती फक्त विचारायची, पोरं बसतात का? मी म्हणायचे, बसतात. खरंच बसत होती.

तेराव्यानंतर एक भाडेकरू खोली बघून गेला. बाबा म्हणाले, उद्या फळा काढतो. त्या संध्याकाळी मी कुलूप उघडायला गेले तर पोरं दारातच दप्तरं घेऊन बसलेली. आत येऊन ती आपापल्या जागी बसली. कुणीतरी काहीतरी करायला हवं म्हणून मी खडू उचलला आणि भागाकार मांडायला कमरेत वाकले. गुडिया नावाची दुसरीतली मुलगी उठून उभी राहिली. "दीदी, आप नहीं," ती म्हणाली. "टीचर लिखते नहीं. हम लिखते हैं."

तिच्या दृष्टीने हा साधा नियम होता. तो का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. खडू तिच्या हातात दिला. दारात बाबा येऊन उभे होते, हातात पक्कड. गुडियाने भाग लावला, चुकवला, मागून चार आवाज आले, "गलत." बाबा बराच वेळ बघत राहिले, मग पक्कड घेऊन परत गेले.

मी भिंतीशी सरकले आणि हात पाठीमागे घेतले.