ती स्थानिक महिला

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला सगळ्यात आधी काय शिकवलं असेल, तर झरा झाकायला. पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडीच्या डोक्यावर एक झरा आहे, भर मे महिन्यातही कळशी बुडेल एवढा. होळी झाली की आम्ही बायका त्याच्यावर चपटे दगड रचतो, वर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकतो. रानडुकरांनी लोळू नये म्हणून. आणि खरं सांगू, गड बघायला येणाऱ्या पोरांनी बुटासकट पाय बुडवू नयेत म्हणून. परक्यानं विचारलं, "वर पाणी आहे का?" तर उत्तर ठरलेलं. "न्हाई बा."

म्हणून एका एप्रिलात डोंगराची कसलीशी पाहणी करायला आलेले दोघं अंगणात टेकले आणि त्यांनीही तेच विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं, "पाणी कुठलं आलंय? समदा कातळ हाय." दोघं तांब्याभर पाणी प्यायले. एक म्हणाला, "काय गार आहे हो! कुठलं?" मी म्हटलं, "माठातलं." आपण लई हुशार, असं वाटलं मला.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीत नोटीस लागली. आमचा डोंगर फोडून दगडाची खाण करायची होती, आणि त्याआधी गावाची जनसुनावणी होती. अशी खाण दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही, आणि पाहणीचा सारांश गावाला मराठीत वाचायला ठेवावाच लागतो, हा मंत्रालयाचाच नियम. मी दहावी शिकलेली. उभ्याउभ्याच वाचत गेले आणि एका ओळीवर अडकले. 'स्थानिक महिलेने दिलेल्या माहितीनुसार परिसरात पाण्याचा स्रोत नाही.'

अगं बाई! ती महिला मीच की! सुरुंग लागले की झरा आटणार, आणि वाडीचं पाणी माझ्याच जिभेनं तोडलं असं होणार. घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "खोटं बोलाया म्याच शिकवलं तुला," त्या म्हणाल्या. "पण आता खरं बोलायचं तुलाच हाय."

सुनावणीला मांडव भरला होता. धुळीवर, ट्रकवर, घरांना तडे जातील त्यावर माणसं बोलत होती. मी आपली पदर पिळत बसलेली. आत्याबाईंनी कोपर मारलं, "ऊठ की, मुहूर्त बघतीस का?"

उठले. "त्या सारांशात लिवलेली बाई मी हाय. म्या खोटं बोलले. झरा हाय, आमी तो झाकून ठेवतो."

हशा पिकला. कान तापले माझे. खाणवाल्यांचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "तेव्हा खोटं, मग आत्ता खरं कशावरून, ताई?"

डोकं सणकलं. "तुमचीच माणसं तांब्याभर प्याली, त्यांना इचारा!"

शेवटी सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी दिवसभराचं टिपण मोठ्यानं वाचून दाखवलं. तेही नियमातच आहे. माझी ओळ आली, 'एका महिलेने पाण्याबाबत शंका व्यक्त केली.'

"शंका?" मी परत उभी. "साहेब, मला कसली शंका? म्या कबुली दिलीया. बोलले तसंच लिवा." साहेबांनी माझ्याकडं बघितलं, ओळ खोडली, नवी लिहिली आणि पुन्हा वाचली. सगळ्यांसमोर, माझे शब्द. आता कुणी हसलं नाही. लाज तर होतीच, पण छाती फुगली होती, लपवत नाही.

होळी झाली, आम्ही झरा झाकला, आणि आठवड्याभरात मंत्रालयानं पाठवलेल्या एक मॅडम वाडीत आल्या. हातातल्या कागदावर माझ्या वाक्याखाली पेनानं रेघ ओढलेली. दिल्ली मी कधी बघितलेली नाही, पण माझं वाक्य तिथं जाऊन आलं होतं! आत्याबाई पुढं झाल्या आणि त्यांना झऱ्यावर घेऊन गेल्या. उभ्या जन्मात त्यांनी परक्याला ती जागा दाखवली नव्हती. मॅडम वाकायला गेल्या तशा त्या म्हणाल्या, "आधी वहाणा काढा." मॅडमनी मुकाट काढल्या. आत्याबाईंनी एकेक दगड बाजूला केला. खाली पाणी होतं. मॅडमनी ओंजळभर पिऊन बघितलं आणि बराच वेळ लिहीत बसल्या.

पुढं पत्र आलं. झऱ्याच्या वरचा सगळा डोंगर खाणीतून वगळला होता. ते पत्र आत्याबाईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

परवा गडावर निघालेली चार पोरं अंगणात आली, घामानं निथळत. "काकू, वर पाणी आहे का?" आत्याबाई दळण निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"हाय," मी म्हटलं. "चला, दावते. बूट हितंच काढा."