गंगूमावशीची बारव

कोठी बघायला आलेल्या प्रत्येकाला गंगूमावशी फाटकातच विचारायची, “घाई हाय का?” ‘हो’ म्हटलं की फाटक बंद. “मग परत या. ही जागा पळत बघायची न्हाई.”

धारूरच्या रस्त्याला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथे मी ग्रंथालयात काम करतो. कुंपणाला लागूनच जुन्या जहागीरदारांची कोठी, आंब्यांची बाग आणि दगडी पायऱ्यांची बारव. मावशीचा नवरा तिथला माळी. तो गेल्यावर राखण तिच्याकडे आली. जहागीरदारांच्या वारसांनी पुढे ती जागा विद्यापीठाला देऊन टाकली, आणि मावशीही आपोआप आमची झाली.

एकदा बारवेबद्दल विद्यापीठाचा कागद निघाला: ‘पडकी विहीर, धोकादायक. बुजवावी.’ मी वाचून दाखवला तेव्हा मावशी जेवत होती. भाकरी तशीच ठेवून उठली.

“पडकी कावून म्हनले? खाली कोन उतरलं होतं?”

कोणीच नाही. मीसुद्धा नाही.

आठ दिवस तिने मला आणि वसतिगृहातल्या मुलींना जुंपलं. झुडपं तोडली, गाळ उपसला. खालचे कोरीव कोनाडे उघडे पडले, तेव्हा मुलींनी शिट्ट्याच मारल्या.

पाहणीला आलेले अभियंता साहेब वरूनच डोकावून निघाले होते. मावशीने सरळ त्यांचा हात धरला. “चाळीस पायऱ्या हायेत, साहेब. मी सत्तरीची उतरते, तुमी तर जवान.”

खाली गारवा होता. साहेबांनी बूट काढले आणि पाण्यात पाय सोडून बसले. मग फाईल मांडीवर घेऊन ‘पडकी’ खोडून ‘वापरातली’ लिहिलं. ‘बुजवावी’ खोडून ‘कठडा बांधावा’.

मावशीने ते मला दोनदा वाचायला लावलं. “वापरातली लिवलंय ना? मग वापरा की!” तेव्हापासून इतिहासाचे वर्ग पायऱ्यांवर भरतात.

गुडघे थकले तशी लेक तिला नांदूरघाटला घेऊन गेली. ती जीपमध्ये बसली आणि माझे डोळे भरून आले.

“रडतोस कावून? मी काय बारवंत पडले व्हय?”

आता दर सोमवारी तिचा फोन येतो. माझी विचारपूस नाही; “पानी कितव्या पायरीला हाय?” एवढंच. परवा कंटाळा आला होता, म्हणून बागेतूनच ठोकून दिलं, “तिसाव्या.”

मावशी म्हणाली, “तुझा आवाज घुमंना झालाय रं. खाली उतरून बोल.”

मुकाट्याने उतरलो. पाणी वरून सव्विसाव्या पायरीपर्यंत चढलं होतं.