लालसूच्या लेथची ओळखपरेड

बल्लारपूरचे गुणवंतराव चाळीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभे राहिले. कोणतंही यंत्र दिसलं की ते आधी पाय बघत, मग चाकं. नावाची पाटी सगळ्यात शेवटी. "पाटी तं कोणीबी बदलते," असं त्यांचं मत. निवृत्त झाल्यापासून हे मत ऐकायला घरी फक्त इंदुताई उरल्या होत्या, आणि त्यांचं ऐकून झालं होतं.

म्हणून मागच्या मार्चमध्ये आलापल्लीकडच्या वनखात्याच्या एका तपासणी नाक्यावरून "तज्ज्ञ पाहिजे" असा फोन आला, तेव्हा गुणवंतराव पहिल्याच बसनं निघाले.

झालं होतं असं. जंगलातल्या गावचा लालसू. बंद पडलेल्या आरागिरणीतला जुना लेथ त्यानं विकत घेतला होता. बैलगाडीचे आस, पंपाचे भाग गावातच व्हावेत म्हणून. ताडपत्रीखाली काहीतरी लांब दिसलं, म्हणून नाक्यावर गाडी अडवली. सागवान निघालं नाही. पण अडवलं म्हणजे नोंद हवी, आणि लाकडाचे फॉर्म संपले होते. उरले होते ते पकडलेल्या जनावरांचे. नोंद झाली : जनावर एक, जात अज्ञात. जात ओळखायला तज्ज्ञ हवा, म्हणून लालसूनं ऐकून माहीत असलेलं गुणवंतरावांचं नाव दिलं.

सहा दिवस लेथ साजाच्या झाडाला साखळीनं बांधलेला होता. पुढ्यात पाण्याची बादली.

"पाणी काऊन ठेवलं?" गुणवंतरावांनी विचारलं.

"नियम हाय म्हणते, भाऊ," लालसू म्हणाला. "मी म्हणलं, लोखंड हाय, गंजन. पण कोणी आयकूनच नाई राह्यलं."

गुणवंतरावांनी बादली लांब नेऊन ओतली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं लेथ पुसला आणि त्याच्यासमोर गुडघे टेकले. आधी पाय पाहिले, मग चाकं.

नाक्यावरचे साहेब फॉर्म घेऊन आले. "जात सांगा."

"पहिला नमुना हाय, साहेब! हे पाहा, हातचाकाचे आरे वाकडे. नंतरच्याले सरळ आले. गिअरबॉक्स नाई, दातेरी चाकं हातानं बदला. पट्ट्याची पुल्ली तीन पायऱ्यांची. खालचा बेड सपाट. असा मी फक्त एक पाह्यला, शिकाऊ होतो तवा."

साहेबांनी लिहिलं : दुर्मीळ.

"नर की मादी?"

लालसूनं मान खाली घातली. पण गुणवंतरावांना प्रश्न अगदी रास्त वाटला. त्यांनी टॉर्च लावून लोखंड पकडणारा चक बसतो ते टोक पाहिलं. "आटे बाहेरून हायेत. नर."

"वय?"

"नव्वदीच्या वर."

"स्वभाव?"

"शांत. पण पट्टा चढवल्यावर बाही जपाव लागते."

साहेबांनी 'चावण्याची शक्यता' यावर खूण केली. मग नियमावली चाळून निर्णय दिला : दुर्मीळ, वृद्ध, निरोगी नर, सबब पंचांसमक्ष जंगलात मुक्त करणे.

दुपारी साखळी सोडली. सगळ्यांना पन्नास पावलं मागे उभं केलं. एका वनरक्षकानं शिट्टी वाजवली. अर्धा तास गेला.

"जाऊन नाई राह्यला," साहेब हळूच म्हणाले.

"वय झालं त्याचं," गुणवंतराव गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं. माणसं पाहून बुजला असन."

साहेबांना ते पटलं. 'मुक्त केले' लिहून ते जेवायला गेले. मग लालसूनं गावातली आठ माणसं आणली आणि लेथ गाडीत चढवला. गुणवंतरावही चढले.

गावी लालसूच्या ओसरीत लेथ बसला, डिझेल इंजिनवर पट्टा चढला. इंदुताईंचा फोन आला, "येऊन काऊन नाई राह्यले?"

"बेड अजून लेव्हलले नाई आला."

बेड दुसऱ्याच दिवशी समपातळीत आला होता.

लालसूच्या बायकोनं, बुधरीनं, भात कांडायच्या मशीनचा झिजलेला दांडा आणून दिला. गुणवंतरावांनी त्याचं माप घेऊन नवं लोखंड चकमध्ये पकडलं. त्यांनी वाकड्या आऱ्यांचं चाक हळूच फिरवलं. हत्यार लोखंडाला लागलं आणि निळसर, गरम, अखंड वेटोळं निघत गेलं. पोरं ते उचलायला धावली.

"थांबा रे, पोळन!" गुणवंतराव ओरडले, आणि किती दिवसांनी आपण कोणावर तरी ओरडलो, या आनंदात पुन्हा एकदा ओरडले.