बिनशब्दांची गाणी

बाबांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला तेव्हा त्यांनी कपाला शिवी दिली. आठवड्याने पुन्हा सुटला, तेव्हा शिवी दिली नाही, नुसते बोटांकडे बघत बसले. मी घाबरलो तो तेव्हा.

काटोलच्या मंडीत बाबांनी आयुष्यभर संत्री छाटली. मोठी एकीकडे, मधली एकीकडे, बारीक एकीकडे. त्या बोटांना आता मुंग्या येत होत्या. डोकंही दुखत होतं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, एमआरआय करून घ्या, मेंदूत गाठबीठ तर नाही ना ते बघू. ‘गाठ’ हा शब्द मी घरी नेला नाही. डोक्याचा फोटो काढायचा आहे, एवढंच सांगितलं. फोटो म्हटल्यावर बाबांनी दाढी करून घेतली.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी चारचौघांत सांगतो आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. पण त्याचं असं होतं की घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे ठेवतात. बाबांचा आजारही तसाच माझ्यापुढे आला. घरात कोणाजवळ घाबरायची सोय मला राहिली नाही.

घाबरलो की माझं एकच औषध आहे. कानात लाउंज लावतो, म्हणजे संथ, बिनशब्दांची गाणी. चिल-आउट म्हणा, काही म्हणा. ती एकेक संग्रहासारखी येतात, पंधरा-वीस तुकडे एकामागे एक, पंधरा-वीस देशांचे.

पहिल्यांदा ते ऐकलं नोकरीच्या मुलाखतीला, एका हॉटेलच्या लॉबीत. सोफा इतका मऊ की बसलो तर धड उठता येईल का हीच धास्ती. बाकीची मुलं आपसात इंग्रजीत हसत होती आणि माझे तळहात ओले झाले होते. वर कुठेतरी स्पीकर होता. संथ ठेका, त्यावर कुठल्या तरी वाळवंटाकडचं तंतुवाद्य, मग आपल्याकडची बासरी, मग एक बाई काहीही न म्हणता नुसता ‘आ’ लावत होती. कॉलेजात मला गाण्यांची भीती वाटायची. काहींच्या घरात शास्त्रीय होतं, ते बरोब्बर जागेवर मान डोलवत. काहींना इंग्रजी गाणी तोंडपाठ. ‘तू काय ऐकतो?’ असं कोणी विचारलं की मी बूट बांधायला वाकायचो. या गाण्यानं मला काहीच विचारलं नाही. अर्थ नाही, त्यामुळे तो कळला नाही असंही नाही. गाणारं कोण ते कोणालाच माहीत नाही, म्हणजे सगळे माझ्याच बाकावर. आणि एक तुकडा जायच्या आधीच दुसरा आत आलेला असायचा. मध्ये शांतता नाही. भीती शिरते ती त्या फटीतून, आणि इथे फटच लिंपून टाकलेली. नोकरी मिळाली. ती मी माझ्या अकलेवर मिळवली, पण तळहात सुकवले त्या स्पीकरने.

शहरात नंदनवन भागात घर घेतल्यावर आईबाबा माझ्याकडे आले. सुटीच्या सकाळी मी हे मोठ्याने लावायचो. आई म्हणायची, “हे गाणं सुरू कधी होते रे बाप्पा? केव्हाचं वाजून राहिलं, गाणाराच नाही आला.” बाबांनी एकदाच ऐकून निकाल दिला, “मिक्स माल हाय हा.” मंडीत चार बागांची संत्री एका पेटीत भरली की त्याला मिक्स माल म्हणतात, आणि त्याला कोणी भाव देत नाही. एवढं बोलून बाबा चपला घालून बाहेर पायरीवर जाऊन बसले. पुढे दरवेळी तसंच. मी लावलं की ते पायरीवर. आवडत नसेल, असं मी धरून चाललो.

तपासणीच्या दिवशी तिथल्या टेक्निशियन बाईंनी सांगितलं, “मशीनचा आवाज फार येतो, म्हणून हेडफोनवर काहीतरी लावतो आम्ही. काकांच्या आवडीचं आहे का?” मी लगेच फोन पुढे केला. आपल्याकडचं सगळ्यात चांगलं जे आहे ते बापाला द्यावं, तसा. बाबांना त्या पांढऱ्या भोकात सरकवलं. उजव्या हातात रबरी फुगा दिला, काही वाटलं तर दाबायचा, बाहेर घंटी वाजते. मी काचेच्या अलीकडे उभा. मला फक्त त्यांचे तळपाय दिसत होते.

मशीन सुरूही व्हायचं होतं तर फुगा वाजला. एकदा नाही, वाजतच राहिला.

बाबांना बाहेर ओढलं तेव्हा दाढी केलेला चेहरा घामाने चमकत होता. माझं मनगट धरून म्हणाले, “कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं, बाबा.”

“मंग रेडिओ काहून तसा वाजून राहिला? खरं सांग मले. तुही माय बरी हाय नं?”

मग त्यांनी धापा टाकत सांगितलं. मंडीच्या शेडमध्ये दिवसभर रेडिओ चालायचा. मोठा पुढारी गेला की त्यावरची गाणी थांबायची आणि दिवस दिवस नुसतं वाजत राहायचं, संथ, गाणाऱ्याशिवाय. हात थांबायचे, ट्रक थांबायचे, माल जागेवर नासायचा.

“शब्द गेले का समजाव, माणूस गेला,” बाबा म्हणाले. “अन् तिथं आत सगळं पांढरंफक. हालता येत नाही. मले वाटलं, मीच गेलो.”

बाई हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, “काका, भजन लावू?”

“भजन तं याच्याहून वाईट, वं बाई. ते तं न्यायच्या वक्तालेच लावते.”

“मग सिनेमाचं?”

“त्यावर माही मान हालन.”

“मान हलवायची नाही, काका. हलली तर पुन्हा पहिल्यापासून.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “आज झालं नाही तर झोपेचं इंजेक्शन द्यावं लागेल. या वयात ते द्या असं मी म्हणणार नाही.”

बाबा पाय खाली सोडून बसले होते. घरी चला म्हणाले असते तर मी नेलं असतं, इतका मी भ्यालो होतो. पण गाठीचं माहीत होतं ते मलाच. मी म्हणालो, “बाबा, मी येतो आत. गाणं नाही, काही नाही. तुमचा पाय धरून बसतो. आवाज थांबला की अंगठा दाबीन. दाबला म्हणजे कोणी गेलं नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

पट्टा, घड्याळ, किल्ल्या, सगळं काढून ठेवलं. कानात बोळे घालून मी आत बसलो. मशीन धडधडायला लागलं. धड धड धड, मग कर्र, मग एकदम काही नाही. मी अंगठा दाबला. पुन्हा धडधड. पाय गार होता. आणि मग मला आठवलं, की माणूस गेल्यावर त्याच्या पायांचे दोन्ही अंगठे एकत्र बांधतात. आजोबांचे बांधताना मी बघितले होते. मी एकच अंगठा धरून बसलो. दुसऱ्याला चुकूनही हात लागू दिला नाही. बोळ्यांतून येणाऱ्या त्या आवाजात फटीच फटी होत्या, आणि एकेक फट मी अंगठ्याने बुजवत होतो.

बाबा हलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, “पेट्या ठोकून राहिले होते जसे. हे बरं होतं.”

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. गाठ निघाली नाही, आता औषध चालू आहे आणि बाबा डाव्या हाताने कप धरतात, पण त्या संध्याकाळी गाडीत हे माहीत नव्हतं. माझे हात स्टिअरिंगवर ओले होते. ते बाबांना दिसलं असावं.

“लाव तुह्यं ते.”

“नको, बाबा.”

“लाव. पण बोलत राह्य. चूप नको बसू.”

मी लावलं, आणि बोलत राहिलो. दुकानांच्या पाट्या वाचल्या, ऑफिसातल्या साहेबाला नावं ठेवली, टोमॅटोचा भाव सांगितला. बाबा हूं हूं करत होते. मध्येच म्हणाले, “हे कुठचं हाय?”

“माहीत नाही.”

“एवढा शिकला अन् माल कोणत्या बागेचा हे मालूम नाही?”

घर आलं. मी गाडी थांबवली, पण गाणं बंद करायला हात होईना. एक तुकडा संपत होता आणि दुसरा आधीच आत आला होता. बाबाही उतरले नाहीत. आई फाटकापाशी आली, काचेतून आमच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

“काय झालं? उतरून काहून नाही राहिले?”

बाबांनी काच खाली केली. “काही नाही वं. कोणी गेलं नाही. आयकून राहिलो.”