संकष्टीचे बांगडे

गोव्यातल्या चोपड्याची भाग्यलक्ष्मी पेडण्याच्या बाजारात मासळी विकते. संकष्टीला तिथे बांगड्याला कुत्रं विचारत नाही, म्हणून त्या शुक्रवारी ती धक्क्यावर गेली ती नुसती बर्फ आणायला. लिलाव ऐन रंगात, आणि पलीकडे उभी तिची विहीण सरस्वती! भाग्यलक्ष्मीने ओळखीची मान हलवली, आणि झालं! धक्क्यावर मान हलली की बोली लागली. दोन टोपल्या बांगडे गळ्यात पडले.

"अगो, आज खाणार कोण?" विहीण हसत सुटली.

विकले नाहीत तर संध्याकाळी खत म्हणून माडाच्या मुळाशी जायचे. भाग्यलक्ष्मीने थेट पुलापलीकडचं शिवोली गाठलं. पण तिथल्या बाजारात प्रत्येकीची जागा ठरलेली. फिलोमिना मासळीवालीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पेडण्याची वाट चुकलीस गो?"

"आमची आज संकष्टी, बाये."

फिलोमिना खो खो हसली. "आणि आमचे ईस्टरआधीचे उपास! शुक्रवारी मटण बंद, मासळीवर नुसत्या उड्या. बस हांगा!" तिने आपली टोपली सरकवली.

दुपारपर्यंत बांगडे संपले. मग फिलोमिनाने पावाबरोबर तळलेला बांगडा पुढे केला. सकाळपासून उपाशी भाग्यलक्ष्मीने पुढे गेलेला हात मागे घेतला.

"हा चंद्राला दाखवूनही चालायचा नाही गो. उद्या येते, तेव्हा दोन ठेव!"